भुकेचा देणेकरी

मूल आजारी पडले, इस्पितळात दाखल झाले, की भेटायला येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, 'काय झालंय त्याला?' आई सांगते, न्यूमोनिया. किंवा जुलाब. किंवा गोवर उलटला. विचारणारा मान डोलावतो, दोन मोसंबी उशाशी ठेवतो आणि निघतो. रोगाला नाव मिळाले की आपले समाधान होते. नाव असलेल्या गोष्टीला औषध असते, औषध देणे हे डॉक्टरांचे काम असते आणि आपण सुटलेले असतो.

पण पुष्कळदा त्या मुलाला दोन दुखणी असतात आणि केसपेपरवर एकच लिहिलेले असते. दुसऱ्याचे नाव भूक. जगात पाच वर्षांखालील जितकी मुले दगावतात त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंमागे कुपोषण असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. धडधाकट मुलाला जो जुलाब चार दिवस दमवून सोडून देतो, तोच जुलाब अर्धपोटी मुलाला घेऊन जातो. दाखल्यावर मृत्यूचे कारण जुलाब. ते खोटे नसते. पण ते अर्धे असते, आणि नेमके जे अर्धे राहून जाते त्याच्याबद्दल कुणाला तरी जाब विचारता आला असता.

आपल्याकडे एक विचार लहानपणापासून कानावर पडतो. अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, हे दोन वेगळे आहेत. नमाज चुकली, रोजा राहिला, तर तौबा करता येते. तो मोठा क्षमाशील आहे. पण माणसाचा हक्क बुडवला तर ज्याचा बुडवला त्यानेच माफ केले पाहिजे. मोठ्या माणसांच्या व्यवहारात हे समजायला सोपे आहे. उधारी असते, जमिनीचा बांध असतो, बहिणीचा वाटा असतो. देणारा कोण, घेणारा कोण, हे ठाऊक असते. पण अकरा महिन्यांच्या मुलाचे काय? त्याला हक्क मागता येत नाही आणि माफही करता येत नाही. आणि त्याच्या भुकेचा देणेकरी नेमका कोण, हे तर कुणीच सांगत नाही. मला हा प्रश्न वैद्यकाच्या प्रश्नाहून अवघड वाटतो.

मी ज्या ठाकूरद्वारला राहतो तिथून अर्ध्यापाऊण तासाच्या टप्प्यात किती इस्पितळे आहेत! प्रार्थना समाजला हरकिसनदास, चर्नी रोडला सैफी, भायखळ्याच्या बाजूला जे. जे., बोरीबंदरकडे कामा, मुंबई सेंट्रलला नायर. थोडे पुढे परळला गेले तर 1929 पासून खास मुलांसाठी उभे असलेले वाडिया. ही बहुतेक नावे दात्यांची आहेत. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. उभे राहिले. या शहरात दानाला तोटा कधीच नव्हता. आणि ठाकूरद्वारात अन्नालाही नाही. खानावळी, मिसळीची दुकाने, फरसाणवाले, सकाळी पाव घेऊन येणारा भय्या. नाक्यावरून चालताना वासानेच पोट भरते. याच रस्त्याने, खांद्यावर झोपलेले मूल आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी घेऊन बायामाणसे इस्पितळाचा पत्ता विचारत जातात. कुणी गोवंडीहून आलेले, कुणी शहापूरहून, कुणी जव्हार-मोखाड्याहून. ते मूल पाहून सहसा कुणाला भूक आठवत नाही. झोपलेले तर आहे!

इथेच पहिली फसगत आहे. कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळातली छायाचित्रे येतात, फासळ्या मोजता येतील अशी मुले. तशी असतातच. पण 1995 मध्ये डेव्हिड पेलेटियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासून दाखवून दिले की, कुपोषणाशी निगडित बालमृत्यूंपैकी पाचातले चार हे सौम्य आणि मध्यम कुपोषणाच्या मुलांचे असतात. अशी मुले गल्लीत खेळताना ओळखू येत नाहीत. वयाच्या मानाने थोडी लहान, थोडी किरकिरी, इतकेच. आजी म्हणते, आमच्या घराण्यात सगळे असेच बारीक. याच्या उलटही होते. अंगावर सूज येते आणि मूल बाळसे धरल्यासारखे दिसते. पायावर बोट दाबले की खळगा पडतो तेव्हा कळते की ते बाळसे नव्हते, पाणी होते.

या सुजेच्या आजाराला वैद्यकात जे नाव आहे ते सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंमुळे. त्या आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करीत होत्या. 1933 मध्ये त्यांनी या आजाराचे वर्णन छापले आणि पुढे त्याला तिथल्या 'गा' भाषेतल्या आयांचाच शब्द दिला, क्वाशिओरकोर. पाठचे भावंड आले की आधीच्या मुलाचे दूध सुटते आणि त्याला जडतो तो आजार, असा त्याचा अर्थ. डॉक्टरांना रोग कळण्याआधी आयांना त्याचे कारण कळलेले होते. या बाई पुढे सिंगापूरला गेल्या. तिथे गोड डबाबंद दूध बाळांना पाजण्याची टूम निघाली होती आणि बाळे मरत होती. 1939 मध्ये प्रतिष्ठितांच्या सभेत त्यांनी उघड सांगितले की, हे मृत्यू म्हणजे हत्या मानल्या पाहिजेत. त्यांचे औषधपाणी आता कालबाह्य झाले असेल, पण त्या बाईंनी मृत्यूचे दुसरे नाव लिहिण्याचे धाडस केले, ते मला मोठे वाटते. आपल्या देशात बाळाच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा व्हायला 1992 उजाडले.

आपल्या महाराष्ट्रात मात्र या दुसऱ्या नावावरच भांडण होत आले आहे. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुले दगावली. 1993 मध्ये मेळघाटाचे नाव वर्तमानपत्रांत आले. पुढे नंदुरबारचे धडगाव, अक्कलकुवा. 2010 च्या आसपास तर खुद्द मुंबईत, गोवंडीच्या रफीनगरमधल्या बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. दरवेळी एक बाजू म्हणते ही मुले कुपोषणाने गेली, आणि दुसरी म्हणते, नाही, ती न्यूमोनियाने गेली, जुलाबाने गेली, कावीळ झाली होती. जणू दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कोवळी पानगळ' या अहवालात दाखवले की, सरकारदरबारी जितके बालमृत्यू नोंदले जातात त्याहून प्रत्यक्षात ते किती तरी जास्त आहेत. मेळघाटाचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले आहे. ते न्यायालय ठाकूरद्वारापासून फार लांब नाही. न्यायमूर्ती विचारतात, सरकार आकडे देते, पुढची तारीख पडते. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली. त्याआधीच्या पाहणीतही रोडावलेल्यांचा आकडा हाच, 25.6. मधल्या काळात किती तरी योजना आल्या आणि किती तरी उद्घाटने झाली.

कुपोषणाचे नाव लिहायला एवढी खळखळ का होते? कारण न्यूमोनिया लिहिला की देणेकरी जंतू ठरतो. भूक लिहिली की माणूस ठरतो.

इस्पितळात अशा मुलाचे काय करतात ते नीट समजून घेण्यासारखे आहे. मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते अतितीव्र कुपोषित. आपला अंगठा आणि तर्जनी जुळवून पाहा, त्या कड्यात हा दंड सैल फिरेल. असे मूल दाखल झाले की आपल्याला वाटते, आता त्याला पोटभर जेवू घालावे. आणि तीच चूक जिवावर बेतते. उपासमारीने शरीराने आपला सगळा कारभार मंद केलेला असतो. एकदम अन्न आले की रक्तातले क्षार झपाट्याने खाली येतात आणि हृदय बंद पडू शकते. 1945 मध्ये नाझी छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांना सैनिकांनी मायेने हातात येईल ते भरपूर खायला दिले, आणि त्यातले कित्येक त्या जेवणानंतर मेले. म्हणून पहिल्या टप्प्यात 100 मिलिलिटरला 75 उष्मांक भरतील असे पातळ दूध, थोडे थोडे, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मूल उबदार ठेवायचे, रक्तातली साखर उतरू द्यायची नाही, जंतुदोषावर औषध द्यायचे. लोहाचे औषधसुद्धा सुरुवातीला नाही. सूज उतरून भूक परत आली की मगच दमदार आहार. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये याची पद्धत बांधून दिली आणि भारत सरकारने 2011 मध्ये पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी नियमावली काढली. मुंबईत सायन रुग्णालयाचे असे केंद्र धारावीत आहे. याच सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली होती, आशियातली पहिली. दुसऱ्या आईचे दूध चालते का, रजाअतचे नाते लागते का, असा प्रश्न आपल्याकडे त्यावर निघतो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सांगायचे ते हे की, इथे नुसती दया उपयोगाची नाही. नियमाने, घड्याळ लावून, रात्री दोन वाजता उठून वाटी-चमच्याने दूध पाजणारे कुणीतरी लागते. आणि ते कुणीतरी म्हणजे आई. परिचारिका एक असते आणि खाटा पुष्कळ.

आता या आईचा विचार करा. उपचार किमान दोन आठवड्यांचा. ती धुणीभांडी करते, किंवा वीटभट्टीवर आहे, किंवा घरी बसून जरीकाम करते. घरी आणखी दोन मुले शेजारणीच्या हवाली केलेली. पाचव्या दिवशी मूल हसते, सूज उतरते, आणि ती म्हणते, आम्हाला सोडा. डॉक्टर समजावतात, रागावतात. ती सहीऐवजी अंगठा देते आणि जाते. कागदावर शेरा पडतो, 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घेऊन गेले.' बघा, इथे मात्र नाव लिहायला कुणाचा हात अडखळत नाही. साऱ्या कागदपत्रांत कसूर एकाच व्यक्तीच्या नावावर चढते, आणि ती व्यक्ती म्हणजे त्या मुलाबरोबर जिने रात्री जागवल्या ती. मग आपण बोलायला मोकळे होतो. अडाणी आहेत, एवढी मुले होऊ देतात, पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांची पुडी हातात देतात. पुडी देतात हे खरे आहे. पण रॉकेल-गॅस जाळून दिवसातून तीनदा लहान मुलासाठी वेगळे शिजवायला ज्या बाईला ना इंधन परवडते ना वेळ, तिच्या हिशेबात त्या पुडीने मूल तासभर गप्प बसते. डॉक्टर एका मुलाचा विचार करतात, कारण त्यांच्यापुढे एकच खाट असते. ती तीन मुलांचा करते. यातले बरोबर कोण, याचे उत्तर मला देता येत नाही. दोघांनाही असा निवाडा करायला लावणारे मात्र चूक आहे, एवढे कळते.

या ठिकाणी हजरत उमर (र.) यांची एक हकिकत आठवल्यावाचून राहत नाही. इब्ने साद यांनी ती नोंदवली आहे. उकळत्या भांड्यात दगड टाकून मुलांना झोपवणाऱ्या बाईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ही त्या मानाने कमी सांगितली जाते. मदिनेबाहेर व्यापाऱ्यांचा तांडा उतरला होता. उमर रात्री पहाऱ्याला गेले. एक मूल सारखे रडत होते. त्यांनी आईला बजावले, अल्लाहला भी, मुलाला सांभाळ. थोड्या वेळाने पुन्हा रडणे. पुन्हा बजावले. पहाटे तिसऱ्यांदा रडणे ऐकून ते तिला बोल लावू लागले. समोर कोण उभे आहे हे तिला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, मी याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध सुटलेल्या मुलांनाच भत्ता देतो. मूल अवघ्या काही महिन्यांचे होते. त्या पहाटेच्या नमाजीत रडण्यामुळे त्यांचे पठण लोकांना उमगेना, असे सांगतात. आपल्या त्या नियमाने किती मुले मेली असतील, असा त्यांनी स्वतःला दोष दिला, आणि दवंडी पिटवली की मुलांचे दूध घाईने तोडू नका, जन्मलेल्या प्रत्येक मुलाला भत्ता मिळेल.

ही हकिकत आपण वाझमध्ये ऐकतो तेव्हा त्यांच्या रडण्यावर आपले लक्ष जाते. मला तिचा सुरुवातीचा भाग महत्त्वाचा वाटतो. खलिफासुद्धा आधी आईलाच बोल लावतो. तीनदा. तिने कारण सांगितले तेव्हा कळले की तिच्या हातून होणारी गोष्ट तिची नव्हती, ती एका नियमाची होती, आणि नियम त्यांचा होता. आणि पुढे त्यांनी त्या बाईला वेगळी काही मदत केली, असे त्यात येत नाही. त्यांनी नियम बदलला. दुसऱ्या तांड्यातल्या, कधीही न दिसणाऱ्या मुलांनाही तो लागू झाला. मुलाचा हक्क असतो म्हणजे काय, ते यात आहे.

आपल्याकडे याच्या उलट रीत पडली आहे. पुढाऱ्याचा वाढदिवस आला, जयंती आली, ईद-ए-मिलाद आली, की इस्पितळात फळवाटप. केळी-सफरचंदाच्या टोपल्या, एका खाटेजवळ आठ माणसे आणि मध्ये एक छायाचित्रकार. आपल्या मंडळांनीही हे उत्साहाने उचलले आहे. मी याची थट्टा करीत नाही. ज्याला केळे मिळाले त्याला ते गोडच लागते. पण ज्या मुलाबद्दल आपण बोलतो आहोत त्याला पहिल्या आठवड्यात ते केळे देताही येत नाही. ते शेजारच्या खाटेवर जाते. दान करणाऱ्याला आपल्या सोयीचा दिवस निवडता येतो आणि हक्काला तो मुभा देत नाही. या शहराने दानाचा हक्क करण्याचा थोडा प्रयत्न केलाही आहे. 2006 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने योजना झाली, आणि धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक ठरले. पण ती खाट मिळते असे जव्हारच्या आईला सांगणार कोण?

शेजारी उपाशी असताना जो स्वतः पोटभर जेवतो तो मोमिन नव्हे, असा प्रेषित मुहंमद (स.) यांचा आशय सांगणारी हदीस आपल्याला माहीत आहे. तिचा अर्थ आपण हंडीतल्या सालनापुरता घेतो. अलीकडचे संशोधन तो आणखी लांब नेते. भारतातली मुस्लिम कुटुंबे सरासरीने अधिक गरीब असूनही त्यांच्यात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेने कमी आढळते, याचे अभ्यासकांना कोडे होते. 2018 मध्ये मायकेल जेरुसो आणि डीन स्पिअर्स यांनी त्याचे एक मोठे कारण दाखवले, शौचालयाचा वापर. आणि त्यातही स्वतःच्या घरापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. शेजारच्या घाणीतून जंतू पोटात जात राहिले की आतड्याचा आतला थर झिजतो आणि खाल्लेले अंगी लागत नाही. म्हणजे मूल जेवूनही उपाशी. यावर आपण पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. ज्या वस्त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने ढकलले गेले आहेत तिथे गटाराशेजारी पिण्याच्या पाण्याचा पाइप जातो, आणि तहारतीचे कितीही नियम पाळले तरी सार्वजनिक शौचालयाची रांग काही लहान होत नाही. शेजाऱ्याचा हक्क हंडीपासून गटारापर्यंत जातो आणि तिथे देणेकरी महापालिका असते. तिच्याकडे मागणी करणे हेही मग धर्मकार्यच म्हणायला हवे. आपल्याकडे ते अजून राजकारण समजले जाते.

रमजानात मुंबईत जकातीचा मोठा पैसा फिरतो. मदरशांच्या पावत्या, राशनच्या पिशव्या, इफ्तारच्या मेजवान्या. त्यातला काही इस्पितळातल्या आईच्या बुडालेल्या रोजंदारीसाठी का जाऊ नये? पोषण पुनर्वसन केंद्रात बुडीत मजुरी म्हणून सरकार काही रक्कम देते, पण तेवढ्यात घर चालत नाही आणि ती वेळेवर मिळेलच असे नाही. इतर वॉर्डांत दाखल झालेल्या मुलाच्या आईला तर तीही नाही. फकीर आणि मिस्कीन हे जकातीचे पहिले दोन हकदार, तेव्हा शरियतची अडचण दिसत नाही. जव्हारच्या आदिवासी आईला जकात चालते का, यावर उलेमांत मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे; सदक्याबाबत तसा काही प्रश्न नाही, आणि तो द्यायला रमजानचीही वाट पाहावी लागत नाही. हिशेब फार मोठा नाही. चौदा दिवसांची मजुरी, घरी राहिलेल्या दोन मुलांच्या जेवणाचे शेजारणीला द्यायचे पैसे, येण्याजाण्याचे एस.टी.चे आणि लोकलचे भाडे, आणि घरी गेल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासणीसाठी परत येण्याच्या फेऱ्यांचे. या चार रकमा कुणीतरी पाचव्या दिवसाच्या आत तिच्या हातात ठेवायच्या आहेत.